रुग्णालयातील मनोसामाजिक धोके: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पन्नास ते शंभर खाटांच्या खासगी रुग्णालयात मेट्रन, इनचार्ज सिस्टर, मनुष्यबळ अधिकारी किंवा गुणवत्ता समन्वयक म्हणून ज्यांच्याकडे नुकतीच जबाबदारी आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. परिचारिकांचे राजीनामे, वारंवार येणारे आजारपणाचे अर्ज आणि नातेवाइकांशी होणारे वाद यांचे काय करायचे, हा प्रश्न अशा व्यक्तीसमोर बहुधा पहिल्याच महिन्यात येतो. सुई टोचणे, संसर्ग, किरणोत्सर्ग यांसाठी रुग्णालयात नोंदवह्या असतात, प्रशिक्षण असते आणि तपासणीही होते. मात्र सलग लागलेल्या नाइट, एकटीने सांभाळलेला वॉर्ड, राउंडच्या वेळी सर्वांसमोर झालेला अपमान किंवा रुग्ण दगावल्यावर अंगावर धावून आलेला जमाव या गोष्टी ‘नोकरीत हे चालायचेच’ म्हणून सोडून दिल्या जातात.

काम कसे आखले जाते, कसे वाटले जाते, त्यावर देखरेख कशी होते आणि कामाच्या ठिकाणी माणसे एकमेकांशी कशी वागतात, यांतून मनाला किंवा शरीराला इजा होण्याची शक्यता निर्माण होत असेल, तर त्या कारणाला मनोसामाजिक धोका म्हणतात. जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ४५००३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकाने अशा धोक्यांचे व्यवस्थापन इतर व्यावसायिक धोक्यांइतक्याच पद्धतशीरपणे कसे करावे, हे मांडले आहे. त्यातला गाभ्याचा विचार नव्या अधिकाऱ्याने पक्का धरावा, असे मला मनापासून वाटते: धोका शोधायचा तो कामाच्या रचनेत, परिचारिकेच्या स्वभावात नव्हे. ‘ती फार हळवी आहे’ असे म्हटले की चौकशी तिथेच थांबते. ‘त्या रात्री वॉर्डात किती रुग्ण होते आणि तिच्या मदतीला कोण होते’ असे विचारले की ती पुढे जाते.

पहिली पायरी: हाताशी असलेल्या नोंदी वाचा

सर्वेक्षणाचा अर्ज छापण्याआधी मागच्या सहा महिन्यांच्या ड्युटी लिस्ट मागवून घ्याव्यात. त्यांत पुढील गोष्टी लाल शाईने खुणावाव्यात: सलग तीनपेक्षा जास्त नाइट, डबल ड्युटी, रद्द झालेला किंवा पुढे ढकललेला आठवड्याचा ऑफ, आणि इव्हिनिंगनंतर लगेच लागलेली मॉर्निंग. ही शेवटची बाब कागदावर निरुपद्रवी दिसते, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ आणि नाइट आठ ते आठ असते. इव्हिनिंग आठला संपून मॉर्निंग दुसऱ्या दिवशी आठला सुरू होते, म्हणजे मध्ये बारा तास मिळतात, असा हिशेब केला जातो. प्रत्यक्षात ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या परिचारिकेला रुग्णांची माहिती सोपवून, वॉर्डातून निघायला नऊ वाजतात, घरी पोहोचायला दहा, आणि सकाळी ओव्हर घेण्यासाठी साडेसातला हजर राहायचे असते. म्हणजे दोन ड्युट्यांमधले अंतर साडेदहा तासांवर येते, आणि प्रवास, स्वयंपाक, मुलांची शाळा यांतून झोपेला जेमतेम सहा तास उरतात. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेविषयीच्या २००३ च्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती किमान मानली आहे. ही मर्यादा आपल्याला कायद्याने लागू नसली, तरी मोजपट्टी म्हणून ती अवश्य वापरावी.

ड्युटी लिस्टसोबत हजेरीपट, रजेचे अर्ज, राजीनाम्यांच्या तारखा, औषध देण्यातील चुकांचे अहवाल, सुई टोचल्याच्या नोंदी आणि तक्रारवही ठेवून पाहावी. एखाद्या वॉर्डात राजीनामे, चुका आणि सिक लीव्ह एकाच काळात वाढलेल्या दिसल्या, तर तिथे काय घडत होते याचा शोध घेण्यास पुरेसे कारण मिळाले असे समजावे.

दुसरी पायरी: ऐकण्याची सुरक्षित सोय करा

‘तुम्हाला कामाचा ताण आहे का?’ या प्रश्नाला आपल्या रुग्णालयांत ‘नाही मॅडम, सगळे ठीक आहे’ असेच उत्तर येते, आणि ते स्वाभाविक आहे. नोकरी नवी असते, बाँडची मुदत संपलेली नसते, काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रेही व्यवस्थापनाकडे ठेवून घेतलेली असतात. म्हणून प्रश्न व्यक्तीविषयी न विचारता घटनेविषयी विचारावा. गेल्या महिन्यातली सर्वांत कठीण ड्युटी कोणती होती, त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण होते, मदत मागितली होती का, ती किती वेळाने मिळाली, डबा खायला किती वाजता मिळाला, असे विचारल्यास उत्तरे मिळतात आणि ती उपयोगाचीही असतात.

विचारणारी व्यक्ती शक्यतो वार्षिक मूल्यांकन लिहिणारी नसावी. वॉर्डातील मावशी आणि मामा, सुरक्षारक्षक, रिसेप्शन व बिलिंगचे कर्मचारी आणि प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनी यांना वेगळे बोलवावे, कारण स्टाफ नर्ससमोर मावशी बोलत नाहीत आणि इनचार्जसमोर विद्यार्थिनी बोलत नाहीत. लेखी प्रश्नावली वापरायची असल्यास ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने ठरवलेली सहा क्षेत्रे चांगला आधार देतात: कामाच्या मागण्या, कामावरील स्वतःचे नियंत्रण, मिळणारा आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची रीत. तिचे मराठी करताना वाक्ये वॉर्डाच्या भाषेत ठेवावीत. शिवाय सहा जणींच्या आयसीयूचे निकाल वेगळे छापले, तर कोणी काय लिहिले हे तासाभरात सर्वांना कळते. त्यामुळे दहापेक्षा कमी माणसांचा गट स्वतंत्रपणे दाखवू नये, लहान विभाग एकत्र करावेत.

तिसरी पायरी: कुठून सुरुवात करायची ते ठरवा

सापडलेला प्रत्येक धोका चार बाजूंनी तपासावा: तो किती वेळा येतो, आला की किती वेळ टिकतो, त्याने किती नुकसान होऊ शकते आणि तो आणखी कोणत्या धोक्यांच्या जोडीने येतो. यांतली चौथी बाजू सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. उदाहरणादाखल मेडिकल वॉर्डातील नाइट घ्या. वीस-बावीस रुग्णांमागे एक स्टाफ नर्स आणि एक मावशी आहे, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) कॅज्युअल्टीत अडकलेले आहेत, एका रुग्णाची प्रकृती ढासळते आहे आणि त्याचे नातेवाईक सिस्टरलाच बिलाविषयी जाब विचारत आहेत. रुग्णसंख्या, एकटेपणा, निर्णयाचा अधिकार नसणे आणि हिंसेची भीती या चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवल्या तर प्रत्येक मध्यम दिसते. एकत्र पाहिल्या तर हीच सर्वांत आधी बदलायची ड्युटी आहे हे स्पष्ट होते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा आशय असाच आहे: मागण्या जास्त आणि नियंत्रण कमी असलेले काम माणसाला सर्वाधिक थकवते.

चौथी पायरी: मुळाशी बदल करा

सर्वाधिक वेळ, पैसा आणि चिकाटी या पायरीवर लागते. जागतिक योगदिनाचा कार्यक्रम किंवा ताणमुक्तीवरील व्याख्यान ठेवणे सोपे असते आणि त्याचे फोटोही चांगले येतात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु सलग सात नाइट केलेल्या परिचारिकेला तिच्या ऑफच्या दिवशी अशा व्याख्यानाला बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. ड्युटी लिस्ट आधी दुरुस्त व्हावी, व्याख्याने त्यानंतर ठेवावीत.

ड्युटी लिस्ट सुधारताना नाइट सलग दोन किंवा तीनवर थांबवाव्यात आणि त्यानंतर पूर्ण झोपेच्या दोन रात्री मिळतील असे पाहावे. बदलाचा क्रम मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असा पुढे सरकणारा ठेवावा, कारण शरीराला झोपेची वेळ पुढे ढकलणे ती मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. लिस्ट किमान दोन आठवडे आधी लावावी, आणि आपसात ड्युटी बदलून घेण्याची मुभा ठेवताना वरील अकरा तासांच्या अंतराचा नियम मोडणार नाही याची खात्री करावी. रात्रपाळीचे परिणाम केवळ थकव्यापुरते नसतात: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आणि २०१९ च्या फेरआढाव्यातही ते मत कायम ठेवले. कामाच्या तासांबाबतही असाच पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. डबल ड्युट्यांची बेरीज करताना हा आकडा समोर ठेवावा.

मनुष्यबळाचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. व्यवस्थापन ‘माणसे मिळत नाहीत’ असे म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. तरीही मिळालेली माणसे का टिकत नाहीत, हे विचारणे आपले काम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या होत्या. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वेतन दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयातील वेतन राज्य शासनाच्या समकक्ष वेतनापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि रजा, कामाचे तास, वाहतूक व निवास या सोयी शासकीय परिचारिकांप्रमाणे असाव्यात, असे त्यांत म्हटले होते. आपल्या रुग्णालयाची स्थिती या शिफारशींशी ताडून पाहणारे एक पान तयार करून ते व्यवस्थापनासमोर ठेवावे. श्रम आणि मोबदला यांतील तफावत हाही मान्यताप्राप्त मनोसामाजिक धोका आहे, त्यामुळे वेतनाचा विषय आपल्या कार्यकक्षेबाहेरचा आहे असे समजू नये.

माणसे वाढेपर्यंतही काही ओझी उतरवता येतात. औषधांचे इंडेंट (मागणीपत्र), बिलासाठीची नोंद, विम्याची कागदपत्रे आणि रिपोर्ट आणण्यासाठीच्या फेऱ्या यांत परिचारिकेचा किती वेळ जातो, हे एका आठवड्यासाठी मोजावे आणि त्यांतली कामे वॉर्ड क्लार्ककडे किंवा मामांकडे द्यावीत. ओव्हरसाठी दोन्ही ड्युट्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा सामाईक वेळ पगारी म्हणून धरावा. दर नाइटला प्रत्येक मजल्यासाठी मदतीला बोलावता येईल अशी एक ठरलेली व्यक्ती असावी आणि तिचा नंबर नर्सिंग स्टेशनवर लावलेला असावा.

नातेवाइकांकडून होणारी हिंसा

हा विषय स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. वाद बहुतेक वेळा ठरावीक प्रसंगी पेटतात: मृत्यूची बातमी देताना, अनामत रक्कम मागताना, कॅज्युअल्टीत ताटकळावे लागल्यावर आणि मृतदेह ताब्यात देताना बिलाचा विषय निघाल्यावर. यांतला प्रत्येक प्रसंग आधी माहीत असतो, म्हणून त्याची तयारीही आधी करता येते. पैशांची मागणी वॉर्डातील परिचारिकेच्या तोंडून कधीही होऊ नये. ते काम बिलिंग विभागाचे आहे. मृत्यूची बातमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, वेगळ्या खोलीत, नातेवाइकांना बसवून आणि सोबत आणखी एक कर्मचारी ठेवून द्यावी. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ही तरतूद रुग्णांसाठी असली, तरी खर्चाची कल्पना आधी आलेले नातेवाईक रात्री दोन वाजता सिस्टरवर ओरडण्याची शक्यता कमी होते, हा तिचा दुसरा लाभ आहे.

जागेची पाहणीही करावी, आणि ती रात्री करावी. नर्सिंग स्टेशनमधून बाहेर पडायला एकच वाट आहे का, जिन्यात दिवे लागतात का, कपडे बदलण्याची खोली कुठे आहे आणि तिला आतून कडी आहे का, हे स्वतः चालून पाहावे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या तळघरात ड्युटी संपवून कपडे बदलणाऱ्या एका परिचारिकेवर तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला, आणि ती पुढे मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली. तिथल्या परिचारिकांनी चार दशके तिची शुश्रूषा केली. चेंजिंग रूम कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत ढकलण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर हे त्याला अवश्य सांगावे.

हल्ला झालाच, तर संबंधित परिचारिकेला ताबडतोब ड्युटीतून मोकळे करावे, तिचे रुग्ण दुसऱ्या परिचारिकेकडे द्यावेत, तिची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि तिला एकटीने घरी पाठवू नये. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरील हिंसेस प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्यातील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार संस्थेने स्वतःच्या नावाने करावी, कारण परिचारिकेने वैयक्तिक तक्रार दिली की पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आणि तडजोडीचा दबाव तिच्या एकटीवर येतो. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय संस्थांच्या प्रमुखांना अशा घटनेनंतर सहा तासांच्या आत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी दिली आहे. खासगी रुग्णालयाने तीच मुदत स्वतःच्या नियमात लिहून घेणे उचित ठरेल.

आतल्या माणसांचे वागणे

राउंडला फाइल फेकणे, चूक दाखवताना रुग्णासमोर अपमान करणे, एखाद्या परिचारिकेला मुद्दाम वाईट ड्युट्या लावणे, नव्या मुलीला ओव्हरमध्ये अर्धीच माहिती देणे, हे सर्व प्रकार लेखी आचारसंहितेत नावानिशी यायला हवेत. ज्येष्ठ सल्लागार डॉक्टर रुग्णालयाला उत्पन्न मिळवून देतात म्हणून त्यांना कोणी बोलत नाही, ही अडचण खरी आहे. त्यामुळे त्यांच्याशी बोलण्याचे काम वैद्यकीय संचालकांकडे आधीच सोपवून ठेवावे. ते मेट्रनवर टाकू नये.

लैंगिक छळाच्या बाबतीत मार्ग कायद्याने ठरलेला आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला आणि एक बाहेरील सदस्य असावा लागतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. कंत्राटी मावशी आणि प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनी यांनाही हे संरक्षण आहे. रुग्ण किंवा नातेवाईक यांच्याकडून होणाऱ्या छळापासून कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. सदस्यांची नावे चेंजिंग रूममध्ये मराठीत लावावीत.

पाचवी पायरी: व्यक्तीला आधार द्या

सगळे बदल करूनही काही जणी थकतील, आजारी पडतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपण काही नीट करू शकत नाही असे वाटणे. पूर्वी रुग्णांशी मायेने बोलणारी परिचारिका अचानक तुसडी झाली, तर मेमो देण्याआधी तिच्याशी शांतपणे बोलावे.

औषधाची चूक झाल्यावर किंवा तरुण रुग्ण दगावल्यावर संबंधित परिचारिकेची अवस्था बिकट असते. अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा आरोग्यसेवकांना घटनेचे ‘दुसरे बळी’ म्हटले. त्याच दिवशी एखाद्या विश्वासू ज्येष्ठ सहकारी सिस्टरने तिच्याजवळ बसणे आणि चौकशी पुढे कशी होईल हे तिला स्पष्ट सांगणे, एवढ्यानेही मोठा आधार मिळतो. व्यावसायिक मदतीसाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर ते हलके घेऊ नये. तिला एकटी न सोडता, घरच्यांना विश्वासात घेऊन, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच वैद्यकीय विमा देणे बंधनकारक केले आहे. आपल्या गटविम्याच्या पॉलिसीत हे आहे का, ते तपासावे. उपचार घेणारी व्यक्ती ज्या रुग्णालयात काम करते तिथेच तिची फाइल तयार होऊ नये, यासाठी बाहेरच्या तज्ज्ञांशी व्यवस्था करून ठेवावी. कामावर परतल्यावर पहिले काही आठवडे तिला नाइट व एकटीची ड्युटी लावू नये.

सहावी पायरी: मोजत राहा

राजीनामे आणि आजारपणे हे उशिरा दिसणारे परिणाम आहेत. त्याआधी कळणाऱ्या गोष्टी दर महिन्याला मोजाव्यात: अकरा तासांपेक्षा कमी अंतराच्या ड्युट्या, डबल ड्युट्या, तीनपेक्षा जास्त सलग नाइट, रद्द झालेले ऑफ, ड्युटी संपल्यानंतर निघायला लागलेला वेळ, आणि शिवीगाळ ते मारहाण अशा सर्व घटना. शिवीगाळीच्या नोंदी पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाढल्या, तर घाबरून जाऊ नये. लोक नोंदवू लागले आहेत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. नवा मजला सुरू करणे, सॉफ्टवेअर बदलणे किंवा सफाईचे कंत्राट दुसऱ्या एजन्सीला देणे अशा प्रत्येक बदलाआधी या सर्व पायऱ्या थोडक्यात पुन्हा कराव्यात.

महिन्याचे आकडे वॉर्डातील प्रतिनिधींसह तीस मिनिटांच्या बैठकीत मांडावेत आणि प्रत्येक निर्णयासमोर जबाबदार व्यक्ती व तारीख लिहावी. व्यवस्थापनाने एखादी मागणी नाकारली, तर तीही कारणासह नोंदवावी आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पुन्हा घ्यावी, म्हणजे आपली बदली झाली तरी पुढच्या इनचार्जला तो प्रश्न नव्याने शोधावा लागणार नाही.